फाटकावरचा फलक

उन्हाळ्यात खिशात ठेवलेल्या कांद्याचा वास आला की आमच्या सरकारी कचेरीचं फाटक आठवतं. ‘तोंड झाकून आत येण्यास मनाई’ हा फलक मीच साहेबांना सुचवून तिथं लावला होता. भर दुपारी करमाडहून स्कूटीवर एक मुलगी आली, डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळलेला. त्या दिवशी दाखला मिळाला नसता तर तिचा नर्सिंगचा प्रवेश हुकला असता. मी नेमका घरून जेवून परतत होतो. “आधी ओढणी सोड,” मी फाटकातच दरडावलं. “काका, तुमी बी बांधलंयच की!” मी चाचपलं, तर उन्हासाठी तोंडाभोवती बांधलेला माझा पांढरा रुमाल तसाच होता. “तुमचं ऊन निराळं हाय व्हय?” रांगेतल्या बाया खदखदून हसल्या. मला बाजूला सरावं लागलं. ओढणी न सोडता ती आत गेली आणि दाखला हातात नाचवत बाहेर आली. संध्याकाळी फलक उतरला. माझ्या निरोप समारंभात तो उतरवल्याचं कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि मी हार घालून गप्प बसलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज लिहितो: तो फलक तिनं उतरवला. आता जालना रोडवर चेहरे गुंडाळलेल्या पोरी भरधाव जातात, आणि मी त्यांना खुशाल वाट देतो.