जेवणाच्या सुट्टीतली पिन

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा मी नंदुरबारला कापसाच्या एका पेढीच्या शाखेत कारकून होतो. शाखेत टेलिफोन आला आणि मी शेफारलो. बाहेरची लाइन एक, आत यंत्रं तीन: माझ्या टेबलावर, साहेबांच्या खोलीत आणि फाटकावरच्या चौकीत. ती जोडणारी लाकडी पेटी माझ्या ताब्यात. ज्या भोकात मी पिन घालीन, तिथे बाहेरच्या फोनची घंटा वाजणार. बसवायला आलेल्या मिस्त्रीने तासाभरात हे शिकवलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांशी वरच्या पट्टीत बोलू लागलो.

साहेबांचा हुकूम साधा होता. दुपारी जेवायला जाताना बाहेरची लाइन चौकीवर द्यायची, कारण फाटकवाला तिथून हलत नाही. हा फाटकवाला मोलगीकडचा, माझ्याहून वयाने मोठा. घरी भिली बोलायचा, आमच्याशी अहिराणी. मला वाटलं, हा मुंबईच्या व्यापाऱ्याशी काय बोलणार? पेढीचं हसं होईल. म्हणून मी पिन साहेबांच्या खोलीच्या भोकात घालून जायचो. साहेबही तेव्हा घरी जेवायला आणि खोलीला कुलूप. घंटा वाजून वाजून थांबली तरी चालेल, पण हसं नको!

त्या हिवाळ्यात फाटकवाल्याच्या बायकोला जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या आमच्या पेढीतला एकजण तिची चौकशी करायचा. काही झालं तर फोन करतो म्हणाला होता. हे मला ठाऊक होतं. तरीही पिन सवयीने तिथेच जात राहिली.

एका दुपारी पोटभर जेवून आलो, तर फाटकवाला व्हरांड्यात उभा.

"भाऊसाहेब, साहेबनी खोलीम्हा फोन गैरा वाजना. मी पयत उनू, पन कुलूप व्हतं."

"असेल कोणी व्यापारी," मी म्हणालो.

तीन वाजता पुन्हा ट्रंक कॉल आला. जळगावचा माणूस चिडला होता. "बाईचं काही खरं नाही. नवऱ्याला बोलवा म्हणतेय. दुपारच्या गाडीत बसवायचं होतं त्याला. मघाशी कोणी फोन उचलला का नाही?"

"लाइन बिघडली होती," मी म्हणालो. फाटकवाल्याच्या देखत म्हणालो. साहेबांचं टपाल घेऊन तो टेबलापाशीच उभा होता.

मग मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याने तो नीट कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, "मी रातनी गाडीवर येस," म्हणाला आणि हळूच जागेवर ठेवला.

तो पोचला तेव्हा ती गेली होती.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. माझ्यासाठी मोलगीच्या बाजारातून चारोळीची पुरचुंडी आणली होती. "तुम्हीन माले फोनवर बोलाडं, भाऊसाहेब. तुमना गैरा उपकार शेत."

खरं सांगायची हीच वेळ होती. नोकरी गेली नसती. त्याच्या तोंडाकडे बघून बोलायची हिंमत मात्र नव्हती. मी पुरचुंडी घेतली. लिहायलाही लाज वाटते, पण ती चारोळी घरी बासुंदीत पडली आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना पिन चौकीच्या भोकात घातली. परतलो तर त्याने मुंबईच्या व्यापाऱ्याचं नाव, किती गाठी हव्यात ते आणि पुन्हा फोन कधी येणार ते, न अडखळता सांगितलं. मग विचारलं, "लाइन दुरुस्त व्हयनी का, भाऊसाहेब?"

त्या दुपारची घंटा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

मी हो म्हणालो.