बाबांची कोलंबी

कोलंबीच्या कालवणाचा वास आला, की मुलुंडच्या घरातली एक दुपार आठवते. बाबांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं होतं, म्हणून डॉक्टरांना न विचारताच मी त्यांची कोलंबी बंद केली होती. मालवणी माणूस, तिच्यावाचून रोज अर्धपोटी उठायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. त्या दुपारी पानातला दुधी चिवडत त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगाची चौकशी केली. मी उत्साहानं सांगितलं, "पेशींच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल काढून टाकलं, तर क्षारांना आत-बाहेर सोडणारी दारंच बिघडली. आत निरोप पोचेनात." बाबांनी पान पुढं सरकवलं. "मग माझ्या पेशींनी तुझं काय घोडं मारलंय गं?" "रक्तातलं वेगळं, बाबा," असं म्हटलं खरं, पण मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गोळी चुकवू नका. कोलंबी आठवड्यातून एकदा खाऊ दे की त्यांना!" संध्याकाळी कोलंबीच्या कालवणाबरोबर बाबांनी दोनदा भात मागून घेतला. पुढची सहा वर्षं दर रविवारी ते तसेच जेवले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. रडू अजून येतं, पण त्यांना उपाशी ठेवल्याची टोचणी त्यात नसते.