चतुर्थीच्या दिवशीचं ऑडिट

सहकारी संस्थांचं ऑडिट करत मी हिंगोली जिल्ह्यात बरीच वर्षं हिंडते आहे. या धंद्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. ज्याची तपासणी करायची, तोच तपासणारा निवडतो. यादीतून संस्थेची सभा माझं नाव उचलते, फी संस्थाच देते, आणि गावात पाऊल ठेवलं की जेवूही संस्थाच घालते. रश्श्याचा वास आला की आमची माणसं कागद कसे भराभर उलटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिद्धेश्वर धरणाच्या बाजूची एक शेळीपालन संस्था माझ्याकडे आली, त्या वर्षीची गोष्ट. योजनेतून दोन गावांतल्या बायकांना बकऱ्या वाटल्या होत्या. त्या खरोखर आहेत का, हे बघणं माझं काम. पहिल्या गावात सगळं बराबर दिसलं. तुकतुकीत बकऱ्या, शिंगांना निळा रंग. कानातले बिल्ले तेवढे नव्हते. ते वरूनच आले नाहीत, असं सचिव म्हणाले. बघून झाल्यावर अध्यक्षांच्या ओसरीवर ताटं मांडली गेली.

"मला आज चतुर्थी आहे," मी म्हणाले.

अध्यक्षांचा चेहराच उतरला. "आधी सांगायचं न्हाई का मॅडम! थांबा, भगर टाकायला लावतो. अर्ध्या घंट्यात हुईल."

"चंद्र उगवल्याशिवाय मी काही खात नाही."

"मग जरा आडव्या तरी व्हा. ऊन किती हाय!"

माझ्या विश्रांतीची एवढी काळजी माझ्या नवऱ्यानंही कधी केली नव्हती. मी स्कूटी काढली आणि सरळ दुसऱ्या गावाला निघाले.

तिथे दारं झाडून ठेवली होती, चारा टाकला होता आणि बकरी एकही नव्हती. एक बाई पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. माझ्या यादीत तिचं नाव होतं.

"बकऱ्या कुठायत?"

"येऊन राहिल्यात की. टेम्पो निघाला आसंल." मग ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी जेवल्या न्हाई व्हय?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप. थोड्या वेळानं टेम्पो आला. आत त्याच निळ्या शिंगांच्या बकऱ्या. मला बघून ड्रायव्हरनं टेम्पो होता तसाच मागे घेतला.

आता ती बाई घाबरली. बकऱ्या सगळ्या अध्यक्षांच्याच वाड्यात असतात, हे तिनं सांगितलं. तपासणी नीट झाली की पुढच्या साली तुझ्या तुला देतो, असं ते दर वर्षी म्हणायचे. "तुमी लिवू नका बाई," तिनं हात जोडले. "लिवलं तर योजनाच बंद हुईल म्हणत्यात. माझ्या बकऱ्या कायमच्या जातील."

जे तिला कधी मिळालंच नव्हतं, ते जाईल म्हणून ती रडत होती. मला फार वाईट वाटलं. तरी मी लिहिलं. शिवाय संस्थेच्या सभेत उभं राहून अहवाल मोठ्यानं वाचायचा हट्ट धरला. कागदावर बकरी आहे पण दारात नाही, अशा प्रत्येकीचं नाव घेतलं. बायका मागे बसून ऐकत होत्या. शेवटी ठराव झाला: पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर.

ऑडिटर वरून नेमावा, दर काही वर्षांनी बदलावा, अहवाल सगळ्यांसमोर वाचावा, आणि ज्याला तपासायचं त्याच्या घरचं मीठ खाऊ नये. आमच्या व्यवसायाच्या बैठकीत मी हे मांडलं. "मग जेवायचं कुठं?" एकानं विचारलं आणि सगळे हसले. मी नाही हसले.

वर्षभरानं त्या बाईचा फोन आला.

"नवे आडिटर आले हुते मॅडम. जेवून आले. बकऱ्या उतरवल्या, फोटो काढला."

"आणि परत नेल्या," मी म्हणाले.

"चढवाया लागले, तवा मी माझ्या दोन धरल्या. म्हनलं, भर सभेत माझं नाव वाचलंय, ह्या माझ्या हायत. ओढून राहिले, मी सोडलंच न्हाई. मग बाकीच्या बायांनीबी धरल्या."

"ऑडिटर काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, ह्या बकऱ्या परत कुठं चालल्या? कोनालाच सांगता येईना."

मी पुढचं विचारणार, तेवढ्यात तिच्यामागे बकरी ओरडली.

"ठिवते मॅडम," ती म्हणाली. "धार काढायची हाय."