तीन सर्व्हर आणि देवराम गावित

देवराम गावित हा पेठ तालुक्यातील एका पाड्यावरचा मनुष्य. भाताची खाचरे सोडून तो नाशकास आला, संगणकाचा वर्ग केला, आणि सन दोन हजार चार साली नाशिक रोडजवळच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीत हंगामी नोकरीस लागला. हंगाम संपला की त्यास घरी बसवीत. कायम होणे, एवढीच त्याची इच्छा होती.

कंपनीचा सारा हिशेब ठेवणाऱ्या तीन नव्या यंत्रांकडे बोट दाखवून मालक यज्ञेश्वररावांनी शब्द दिला होता, "हे तीन सर्व्हर एकमेकांना आपोआप शोधू लागले, की तू कायम."

या कामाची रीत दवंडीसारखी असते. प्रत्येक सर्व्हर "मी येथे आहे" अशी हाक देतो. ज्यांना ती ऐकू येते ते एकमेकांस जोडले जातात, आणि एक बंद पडला तर त्याचे काम दुसरे उचलतात. मात्र गावची दवंडी जशी वेशीबाहेर जात नाही, तशी ही हाकही, प्रत्येक सर्व्हरला जो अंकी पत्ता दिलेला असतो त्याने ठरलेल्या हद्दीबाहेर जात नाही.

उद्घाटनास सत्यनारायण ठरला. आदल्या दिवशी पंचवटीतील गुरुजींनी तिन्ही सर्व्हरचे पत्ते पाहिले व तिसऱ्यातील एक अंक अशुभ म्हणून त्या जागी नऊ घालावयास सांगितले. देवरामच्या मनात शंका आली. पण कायम होण्याच्या तोंडावर गुरुजींपुढे कोण बोलणार? त्याने अंक बदलला.

पूजा झाली. पाहुण्यांसमोर पडद्यावर दोनच सर्व्हर दिसले.

"तिसरा कुठंय रे?" यज्ञेश्वररावांनी विचारले.

"साहेब, तो नऊ घातल्यामुळं हद्दीबाहेर गेला..."

"म्हणजे गुरुजी चुकले?" ते पाहुण्यांकडे वळले. "ऐका! ज्याच्या पाड्यावर अजून विजेचा खांब नाही, तो आपल्याला शास्त्र शिकवतोय!"

मंडळी हसली. हिशेब पाहणाऱ्या लतिकाबाई म्हणाल्या, "डोंगरात हाका मारायची सवय आहे की तुला! मार इथंही एक, येईल तिसरा पळत."

"मार," यज्ञेश्वरराव म्हणाले. ते मात्र हसत नव्हते. "मार म्हटलं ना?"

देवराम यंत्रासमोर उभा राहिला आणि ओरडला, "मी इथं हाय!"

मग तो खाली बसला. गुरुजींचा नऊ तसाच ठेवून त्याने तिन्ही सर्व्हरमध्ये हाकेची हद्द मोठी करून दिली. तिसरा सर्व्हर पडद्यावर उमटला. टाळ्या झाल्या, गुरुजींना शाल-श्रीफळ मिळाले, बाहेर मांडवात जेवणाच्या पंगती उठल्या.

देवराम हात जोडून पुढे झाला. "साहेब, माझं ते कायमचं..."

"आता हे आपले आपण शोधतात ना? मग तू कशाला?" यज्ञेश्वरराव म्हणाले. "पासवर्ड बाईंना सांग. आणि जाताना पत्रावळ्या उचलून जा."

देवरामने पासवर्ड सांगितला. लतिकाबाईंनी तो त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला. नंतर तो मांडवात गेला. एक पाहुणे अद्याप सावकाश मठ्ठा पीत होते. त्यांचे उरकेपर्यंत तो बाजूस उभा राहिला.