पोटावरची निळी रेघ

शाडूचे गणपती, शाळेसाठी हृदय आणि मेंदू, देवळासाठी फायबरचा नंदी... आणि आता बेडकाचे गर्भ! सगळं याच हातांनी, केडगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कुठल्याही आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही.

नगरच्या एका कॉलेजची ऑर्डर होती. नुसत्या गोळ्यापासून शेपटी फुटेपर्यंतचे गर्भ, आणि प्रत्येकावर एक जनुक कुठे 'चालू' आहे ते निळ्या रंगात. जनुकं सगळ्या पेशींत सगळीच असतात, पण कुठलं कुठे जागं होतं त्यावर पाठ-पोट ठरतं... हे मी स्वतः वाचून समजून घेतलंय.

परवा तिथल्या जीवशास्त्राच्या मॅडम संच बघायला आल्या. एकेक मॉडेल फिरवून मोबाईलवर फोटो काढायला लागल्या, आणि मी सावध झालो. माझ्या एका गणपतीचा असाच फोटोवरून साचा निघालाय, आणि तो मला भर बाजारात भेटलाय!

मी मधे जाऊन उभा राहिलो. सौ. चहा घेऊन आली. "अहो, सरका की जरा. चहाचा पण साचा काढतील का त्या?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काका, निळं सगळं पोटाकडे आलंय. ते पाठीला हवं."

भाव पाडायची युक्ती, दुसरं काय... त्या गेल्यावर कॉलेजने ऑर्डरसोबत दिलेले खऱ्या गर्भांचे छापील फोटो घेऊन भिंगाखाली बसलो, त्यांना खोटं पाडायला. तर प्रत्येक फोटोत निळं पाठीलाच!

मूर्तीची पाठ आम्ही रंगवत नाही, ती भिंतीकडे असते. सगळं देखणं काम दर्शनी बाजूला... हाताला तीच सवय. गर्भ उभे केले, पोट समोर घेतलं आणि ऐटीत निळी रेघ ओढली.

मॅडमना फोन करून चूक कबूल केली. त्यांनी मोबाईलवर काढलेले ते फोटो मलाच पाठवले, प्रत्येकावर पाठ कुठे त्याची खूण करून. मॅडम, तुमचे आभार इथे सगळ्यांसमोर मानतो.

काल कॉलेजांना सामान पुरवणारा एक व्यापारी शेडवर आला. "पोट काय न् पाठ काय, शोकेसात मागनं कोन बघतंय? हाय तसा द्या, दुसरीकडं खपवतो."

माझ्या हातात पॉलिशपेपर होता, निळी रेघ निम्मी घासून झाली होती. नाही म्हणालो. चुकीचा संच, हाय तसा... रोख अठरा हजार रुपये देत होता.