फुगवटा की खळगा

नुसत्या रेघांच्या जाळीत पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे तुम्ही सांगू शकाल?

सागवानाच्या भुशाचा वास आला की मला सोलापूरच्या फौंड्रीतली, आणीबाणीतली ती दुपार आठवते. माझे वडील, अण्णा, तिथं ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्यासाठीचे नमुने, कोरायचे. मी डबा द्यायला गेले होते. साहेबांनी परदेशातून आलेला कागद अण्णांपुढं टाकला. पंपाच्या झाकणाचं ते चित्र काँप्युटरनं काढलेलं होतं. पुढच्या-मागच्या सगळ्या रेघा सारख्याच काळ्या.

“सायेब, ह्यो फुगवटा हाय का खळगा?”

“काय मिस्त्री, मशीनला कळतं आणि तुम्हाला नाही?”

सगळे हसले. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. आठवडाभर खपून त्यांनी खळगा कोरला, काचेसारखा गुळगुळीत. हवा होता फुगवटा. चूक कळली त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. त्यानंतर त्यांनी पटाशी कधीच हातात धरली नाही.

तेव्हा मला अण्णांची लाज वाटली होती. आज लाज वाटते ती माझी, कारण त्या हसण्यात मीही होते.

तुमच्यासमोर एखादा कारागीर प्रश्न विचारत असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.