शगुफ्ताचं पथ्य

धानोऱ्याच्या बसस्टँडमागे शगुफ्ताचं शिलाईचं दुकान आहे, आणि दुकानाला लागूनच घर. ब्लाऊज शिवावा तर तिनंच, असं आसपासच्या खेड्यांतल्या बायका म्हणत. चाळिशीत तिचे सांधे धरले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी मूठ वळायची नाही, आणि बसलं की ठणका सुरू व्हायचा. म्हणून ती बसतच नसे. मशीनपाशी जाई, कात्री उचलून परत ठेवी, दारात उभी राही, पुन्हा आत येई.

डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. सल्ले मात्र गावानं दिले. नणंद शमीम म्हणाली, वांगं बंद कर. कुणी आंबट सोडायला लावलं, कुणी भात, कुणी डाळ. अंडं उष्ण, मासोळीनं वात वाढतो, मटणाचं तर नावच नको. शगुफ्तानं एकालाही नाही म्हटलं नाही.

नवरा कमरुद्दीन आठवडी बाजारांत बांगड्या विकायचा. सकाळी निघाला की अंधार पडताना परतायचा आणि तिचं दुखणं सुरू झाल्यापासून जेवायला दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे, शमीमकडे, जायचा. शमीमनं वहिनीसाठीही डबा द्यायची तयारी दाखवली होती. माझं पथ्य वेगळं आहे, माझं मी करून घेते, असं शगुफ्तानं तिला सांगून टाकलं. ती काय करून घेते ते पाहायला घरात कुणी नव्हतं.

मार्च महिन्यात कापड बेतता बेतता ती कोसळली. कमरुद्दीन तिला गडचिरोलीला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त सातवर आलं होतं. काल काय काय खाल्लं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कमरुद्दीनच उत्तर द्यायला लागला, की ती पथ्याचं खाते. बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

शगुफ्तानं ओढणीचं टोक बोटांत धरलं होतं. सकाळी चहा-टोस्ट, ती म्हणाली. दुपारी चहा. संध्याकाळी मुरमुरे.

एवढं सगळं सोडायला कुणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं. ज्यानं तुम्हाला खरंच त्रास होतो तेवढं टाळा, बाकी डाळ, अंडी, पालेभाजी, मासे सगळं खा, उपाशीपोटी ही औषधं झेपणार नाहीत, असं त्या समजावू लागल्या. शगुफ्ता ऐकत होती, पण तिची नजर दाराकडे जात होती. शेवटी ती म्हणाली,

"पथ्याचं काई नाई बाई. मले कणिक मळता येत नाई. कुकरचं झाकण निघत नाई."

परतीच्या बसमध्ये कमरुद्दीननं विचारलं,

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी मले बहिणीच्या दारात बसवलं असतं. दोन येळ तिच्या हाताकडं पाहात."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बाजाराला उशिरा निघायचं ठरवलं. पहाटे कणिक मळायचा, डाळ-तांदूळ शिजवून झाकण सैल करून ठेवायचा. शगुफ्ताला ते बघवत नव्हतं. परातीबाहेर पीठ सांडलेलं, फोडणी करपलेली, चिमटा भलत्याच खिळ्याला अडकवलेला. तो बस म्हणायचा, ती दोन मिनिटं बसायची आणि पुन्हा त्याच्या पाठीशी येऊन उभी राहायची. एकदा मिठावरून इतकं वाजलं की तो कणिक अर्धी टाकून निघून गेला. ती त्या गोळ्याकडे बघत येरझाऱ्या घालत राहिली. अकराच्या सुमारास बोटं जरा मोकळी झाली, तेव्हा तिनं तव्यावर जाडजूड, वेडीवाकडी पोळी थापली आणि दोन अंडी फोडली. त्या दिवसापासून अकराची वेळ तिची ठरली. मळणं आणि कुकर त्याचा, फोडणी आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी तिची. भावाला पीठ मळायला लावलं म्हणून शमीम महिनाभर फुगून होती.

पावसाळा सरता सरता रक्त दहाच्या वर गेलं आणि भोवळ थांबली. दुखणं थांबलं नाही. दिवसाला सहा ब्लाऊज व्हायचे, आता दोन होतात. आभाळ भरून आलं की गुडघा सुजतो आणि घर-दुकान फेऱ्या सुरू होतात.

परवाच्या रविवारी तिनं स्वतःहून कमरुद्दीनला मासोळी आणायला पाठवलं. त्यानं साफ केली, तिनं रस्सा केला. बसलं की गुडघा पेटत होता, म्हणून ताट ओट्यावर ठेवून ती उभ्यानंच जेवली. दोन तुकडे संपवले, काटे बाजूला सारले आणि विचारलं, "भात उरला का थोडा?"